मुळाबरहुकूम सीट: जुन्या पिकअपचं कापड जुळवण्याची रीत

जुनी पिकअप उभी करायला घेतली की पैसा आणि जीव दोन्ही इंजिनात, पत्र्यात आणि रंगात जातात. सीटची पाळी येते तोवर खिसा रिकामा झालेला असतो आणि मालक उतावीळ. मग नाशिकच्या द्वारका नाहीतर वडाळा नाक्याकडच्या एखाद्या कुशनवाल्याकडे सीट टाकली जाते, "भाऊ, तपकिरी रेक्झिन लावा, टिकाऊ बघा" एवढंच सांगितलं जातं, आणि दोन दिवसांनी चौकटी-चौकटींच्या टाक्यांची, सोफ्यासारखी टम्म फुगलेली सीट घरी येते. बाहेरून गाडी साठ वर्षांपूर्वीची, दार उघडलं की कालची.

यात चूक कुशनवाल्याची नसते. त्याला रंग सांगितला, त्यानं रंग दिला. पण सीट मुळासारखी दिसते ती रंगामुळे सगळ्यात कमी. आधी सीटची बांधणी आणि उंची, मग पट्ट्या आणि टाके, मग कापडाचा पोत आणि शेवटी रंग, या क्रमानं जुळवत गेलं तर रंगात उन्नीस-बीस झालं तरी डोळा माफ करतो. उलट क्रमानं गेलात तर रंग तंतोतंत जुळूनही सीट परकीच वाटते. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा जुन्या सीटमध्येच असतो. म्हणून पहिला नियम: नवी सीट गाडीत बसेपर्यंत जुन्याचा एक धागाही फेकायचा नाही.

मूळ म्हणजे कुणाचं?

परदेशी व्हिडिओ बघून कामाला लागणारे इथे चुकतात. आपल्याकडच्या गाड्यांचा इतिहास वेगळा आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डही त्याच सुमारास गेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो ट्रक कुर्ल्याहून निघाले. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे इंजिनावरच केबिन असलेल्या, गाड्याही काढल्या. सुटे भाग परदेशातून आले तरी सीटचं कापड तिकडचंच असेल असं धरून चालू नका.

त्यातही कित्येक व्यापारी गाड्या नुसती चासी आणि पुढचं तोंड एवढ्यावर विकल्या जात. केबिन बांधायचे ते गावातले बॉडीबिल्डर. अशा गाडीला कारखान्याची सीट कधी नव्हतीच! तिचं मूळ म्हणजे त्या सुताराची आणि कुशनवाल्याची सीट. हे ओळखणं सोपं आहे. सीट उलटी करा. दाबून घडवलेल्या पत्र्याची किंवा नळ्यांची चौकट, त्यावर स्प्रिंगांची जाळी आणि कापड तारेच्या कड्यांनी अडकवलेलं असेल तर ती बहुतेक कारखान्याची. लाकडी फळी, वर काथ्या आणि कडेला चपट्या डोक्याचे खिळे असतील तर ती इथली. अशा लाकडी सीटवर अमेरिकन नमुन्याचं कव्हर चढवणं म्हणजे खोटा इतिहास शिवणं. ती जशी होती तशीच करा, मजा त्यातच आहे.

तिसरा प्रकार नाशिककरांच्या वाट्याला जास्त येतो, तो म्हणजे लष्कराच्या लिलावातून निघालेली गाडी. देवळाली कॅम्प इतका जवळ असल्यावर ते साहजिक आहे. त्यांच्या सीटांना रेक्झिन नसून जाड सुती कॅनव्हास असायचा, हिरवट खाकी. त्यावर नंतरच्या मालकानं रेक्झिन चढवलेलं असतं. तेव्हा आधी खालचा थर बघा.

थर उकलताना

आपल्याकडे जुनं कव्हर फाटलं की त्यावरच नवं शिवायची पद्धत होती, आणि ती आपल्या पथ्यावर पडते. वर टॉवेलचं कापड, त्याखाली मखमल, त्याखाली काळं रेक्झिन आणि सगळ्यात खाली, चौकटीला चिकटलेला, मूळ कापडाचा तुकडा, असं हमखास सापडतं.

सीट गाडीत असतानाच फोटो काढून घ्या: समोरून, दोन्ही दारांतून, मागून. पाठ आणि बैठक यांच्यात किती फट आहे, बैठकीची पुढची कड जमिनीपासून किती उंच आहे, हे टेपनं मोजून लिहा. स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या कडेपासून सीटपर्यंतचं अंतरही लिहा, पुढे उंची ठरवताना याचाच आधार मिळतो. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आणखी एक गोष्ट: त्या काळच्या बऱ्याच पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असे. त्यामुळे ग्राइंडर, हीट गन, काडी, काहीही केबिनच्या आत चालवायचं नाही. सीट बाहेर आणा, मग काय ते करा.

कड्या कापायला साधी कटर पक्कड पुरते. कापड ओढून फाडू नका. प्रत्येक थर निघाला की मागच्या बाजूला मार्करनं लिहा: डावी, उजवी, वरची कड, पुढची कड. शिवण उसवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आरपार जाणाऱ्या आडव्या खुणा करा, दर चार इंचांवर एक. या खुणा नसतील तर गोलाईच्या ठिकाणी कुठला बिंदू कुठल्या बिंदूला भेटत होता हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कापडाच्या मागे शिवलेल्या नेफ्यांतून तारा गेलेल्या दिसतील. त्या सरळ न करता तशाच वाकड्या जपून ठेवा, त्यांचा बाक हा सीटचा बाक असतो.

कापड कोणतं आहे?

बाजारात सगळ्यालाच रेक्झिन म्हणतात, पण जुन्या गाडीत निदान तीन वेगळ्या चिजा सापडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आणि लगतच्या काळात सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं लेदरक्लॉथ चाले. ते कडक होतं, त्याला बारीक जाळीदार भेगा पडतात आणि लेप पापुद्र्यानं सुटतो. नंतर पीव्हीसीचा लेप आला. तो जास्त लवचीक असतो, पण म्हातारपणी त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य उडून जातं आणि तो आक्रसून ताठ होतो. तिसरं म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंचं विणलेलं कापड. ते १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत बरंच दिसे, आणि बऱ्याचदा फक्त बसायच्या मधल्या भागाला.

पीव्हीसी आहे की नाही हे बघायची सोपी परीक्षा आहे. तांब्याची जाड तार पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीला येणारी तिची स्वतःची हिरवी छटा जाईपर्यंत. ती गरम असतानाच कापडाच्या लेपाला टेकवा म्हणजे कणभर लेप चिकटेल. तार परत ज्योतीत धरा. ज्योत चक्क हिरवी झाली तर लेपात क्लोरीन आहे, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. धूर वाईट असतो, तेव्हा हे उघड्यावर करा, आणि नखाएवढ्या तुकड्यावरच. नायट्रोसेल्युलोज भसकन पेट घेतं, उरलेलं कव्हर तिथून लांब ठेवा.

आता कापड उलटं करा, कारण अस्तर पुढचं अर्धं काम सांगतं. जुन्या कापडाचं अस्तर साध्या विणीचं सुती असे, ते ताणलं तरी फारसं ताणत नाही. आज सीट कव्हरसाठी मिळणाऱ्या बऱ्याच रेक्झिनचं अस्तर होजिअरीसारखं, ताणणारं असतं. गोलाईवर ते सुरेख बसतं खरं, पण सरळ पट्ट्या शिवताना सरकतं आणि सहा महिन्यांत पट्ट्या नागमोडी होतात. दुकानात गेल्यावर रंग बघण्याआधी कापड दोन्ही हातांनी आडवं-उभं ताणून बघा. विणलेल्या अस्तराचं कापड फर्निचर आणि जीपच्या हुडांसाठी माल ठेवणाऱ्यांकडे जास्त मिळतं, गाड्यांच्या झगमगीत सीट कव्हरच्या दुकानांत कमी. नाशिकमध्ये नाहीच मिळालं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे.

पोत टिपून घ्यायचा तर फोटोपेक्षा पेन्सिल बरी. स्वच्छ पुसलेल्या जुन्या कापडावर पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. कातड्याच्या सुरकुत्या कागदावर उमटतात. दुकानातल्या नमुन्यांवरही तसंच करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. रंगाची भूल नसल्यामुळे पोतातला फरक लगेच दिसतो: दाणा गोल की लांबट, मोठा की बारीक. पुसण्यासाठी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घ्या. थिनर किंवा पेट्रोल लावाल तर लेपच विरघळेल किंवा कडक होईल, आणि मग नमुना गेला.

आख्खी सीट एकाच कापडाची असते असंही समजू नका. बसायचा भाग एका पोताचा, कडा आणि बाजू साध्या, आणि पाठीमागचा न दिसणारा भाग आणखी स्वस्त कापडाचा किंवा रंगवलेल्या पुठ्ठ्याचा, अशी काटकसर कारखाने करत. पिकअप ही कामाची गाडी होती.

पट्ट्या आणि टाके

जुनं कापड टेबलावर पसरा आणि पट्ट्यांच्या रेषांकडे नीट बघा. रेषेत दोरा आहे का? नसेल, आणि रेघ दाबून वितळवल्यासारखी दिसत असेल, तर ती शिवलेली नाही. १९५० नंतर हळूहळू उच्च वारंवारतेच्या विजेनं लेप वितळवून नक्षी डागायची पद्धत कारखान्यांत आली. ती घरगुती यंत्रावर होत नाही. अशा वेळी दोनच वाटा आहेत. त्या मॉडेलचं तयार कव्हर परदेशी पुरवठादाराकडून मागवायचं, जे लोकप्रिय अमेरिकन पिकअपसाठी मिळतं, किंवा पट्ट्या शिवून घ्यायच्या आणि तडजोड केली हे कबूल करायचं. डागल्याचा आभास आणायला रेघेवर गरम उलथणं फिरवणारे कारागीर असतात. त्यांना नमस्कार करून पुढे जा.

शिवलेल्या पट्ट्या असतील तर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचं अंतर मोजा, पण एकच पट्टी मोजू नका. दहा पट्ट्यांचं एकत्र माप घेऊन दहानं भागा. माप उघड्या भागावर न घेता शिवणीत दबलेल्या, ऊन न लागलेल्या भागावर घ्या, कारण बाकीचं कापड आक्रसलेलं असतं. टाकेही तिथेच मोजा. रेक्झिनवर साधारणपणे इंचाला पाच ते सात टाके असतात. आपले कारीगर कपड्यांच्या सवयीनं बारीक टाका मारतात आणि रेक्झिनला सुईच्या भोकांची ओळ पडून ते तिकिटासारखं फाटतं. त्यामुळे मोठा टाका दिसायलाही बरोबर आणि टिकायलाही बरा.

आता गणिताचा भाग, आणि सीट बिघडते ती इथेच. पट्टी फोमवर शिवली की फुगते, आणि फुगताना कापड खाते. समजा तयार पट्टी दोन इंचांची हवी आहे आणि मधला भाग ४८ इंच रुंद आहे, म्हणजे पट्ट्या २४. प्रत्येक पट्टीनं पाव इंच कापड खाल्लं तर एकूण सहा इंच फरक पडतो. कुणी दोन-दोन इंचांवर रेघा मारून शिवत सुटलं तर ४८ च्या जागी ४२ इंचांचा तुकडा हातात येईल. म्हणून आधी त्याच कापडाचा, त्याच जाडीच्या फोमवर पाच पट्ट्यांचा नमुना शिवून घ्या. सव्वादोन इंचांच्या रेघा मारा, शिवा, मोजा. दहा इंच भरले तर जमलं. कमी-जास्त झालं तर रेघेचं अंतर बदला, फोम बदलू नका. हा नमुना मागितला की कारीगर कुरकुरतो. "साहेब, आम्ही रोज शिवतो," म्हणतो. त्याला नमुन्याचे वेगळे पैसे आधीच द्या, कुरकुर थांबते.

पाइपिंगची दोरी जुन्या सीटमध्ये सुती किंवा तागाची असे, आता प्लास्टिकची नळी सर्रास घालतात. ती कोपऱ्यावर ताठ उभी राहते आणि सांगून जाते की हे नवं आहे. चार मिलिमीटरची सुती दोरी घ्या. अर्ध्या इंचाच्या मार्जिनसाठी तिच्यावरची पट्टी दीड इंच रुंद कापावी लागते. दोरा पॉलिस्टरचा, बाँडेड (तंतू चिकटवून एकजीव केलेला) घ्या, उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. शिवायला कापड वरून-खालून दोन्हीकडून सरकवणारं, वॉकिंग फूटचं यंत्र हवं. कपड्यांच्या यंत्रावर वरचं रेक्झिन मागे राहतं आणि शिवणीला चुण्या पडतात.

चौकट आणि भरण

चौकट ब्रशनं घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग, यात विशेष काही नाही. तुटलेली नागमोडी स्प्रिंग मात्र वेल्ड करू नका. उष्णतेनं तिचा ताव जातो आणि ती शेजारीच पुन्हा तुटते. त्याच जाडीची दुसरी लावा.

स्प्रिंगांवर तरट यायलाच हवं, नाहीतर स्प्रिंग फोम खाऊन टाकते. कांद्या-द्राक्षांच्या जिल्ह्यात तरटाला तोटा नाही, पण वापरलेली गोणी आणू नका. धूळ, वास आणि किडे फुकट येतात. नवं तरट मीटरवर मिळतं.

त्यावर मूळ भरण कापसाचं किंवा काथ्याचं असे. जुन्या गादीवाल्यांकडे पिंजलेल्या कापसाचा थर करून मिळतो, आणि कॅनव्हास किंवा लेदरक्लॉथखाली तो दिसतो तसा फोम कधीच दिसत नाही. बैठक किंचित खोलगट होते आणि कडा मऊ पडतात. पण नाशिकचा पावसाळा, त्यात गाडी त्र्यंबक-इगतपुरीकडे जाणारी असेल तर कापूस ओल धरतो आणि मग वासाचं बघा. माझा कौल असा: खाली ४० डेन्सिटीचा फोम, त्यावर जेमतेम अर्धा इंच कापूस. हात फिरवला की जुनं वाटतं आणि जीव फोम धरून ठेवतो. उंची मात्र सुरुवातीला लिहिलेल्या मापाबाहेर जाऊ देऊ नका. एक इंच जास्त फोम घातला की मांड्या स्टिअरिंगला लागतात.

रंग आणि कापणी

रंगाचा नमुना उघड्या कापडावरून कधीच घ्यायचा नाही. शिवणीच्या आत दुमडलेलं मार्जिन, पाइपिंगचा दबलेला भाग, चौकटीखाली वळवलेली कड, इथला रंग खरा. तिथला निदान दोन इंचांचा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. काही अमेरिकन गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत किंवा दारावर पट्टी वा कागद असतो, त्यावर रंगाचे संकेत असतात. तो सापडला तर ताडून बघा.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला तपकिरी रंग रस्त्यावर जांभळट दिसू शकतो. दोन रंगद्रव्यं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात. नमुना घेऊन दुकानाबाहेर सावलीत या, मग उन्हात धरा, मग घरी दिव्याखाली बघा. दोन छटांत अडलात तर थोडी गडद घ्या, उन्हानं ती उतरतेच. चकाकीही बघा. नवं रेक्झिन फार चमकतं. पोत बरोबर आणि रंग थोडा चुकलेला असेल तर रेक्झिनवर फवारायचा व्हायनल डाय मिळतो. पोत चुकला तर त्याला इलाज नाही, म्हणूनच रंगाला शेवटी ठेवलं. सगळं कापड एकाच थानातून एकदम घ्या. पन्ना बहुधा ५४ इंच असतो. पूर्ण बाकासाठी पाठीसकट चार मीटर धरा, पट्ट्या जास्त असतील तर पाच.

जुने तुकडे उसवून ब्राऊन पेपरवर उतरवा, पण तेच माप कापू नका. पीव्हीसी आक्रसलेलं असतं. कागदी नमुने भरण घातलेल्या चौकटीवर टाचण्यांनी लावून बघा, कमी पडतंय तिथे वाढवा, आणि मगच कारीगराच्या हातात द्या. त्याच्यासोबत पट्टीची रुंदी, इंचाला टाके, पाइपिंगची जाडी आणि वरून टीप कुठे आहे, कुठे नाही, हे एका कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दुपारच्या जेवणानंतर बदलतं.

चढवणं

शिवलेलं कव्हर तासभर उन्हात ठेवा. मार्च-एप्रिलचं नाशिकचं ऊन या कामाला हीट गनपेक्षा सुरक्षित, कापड सगळीकडे सारखं मऊ होतं. भरणावर पातळ प्लास्टिकची पिशवी अंथरा म्हणजे कव्हर अडकत नाही. बसलं की ती ओढून काढा, आत राहिली तर बसताना चुरचुरते. जुन्या तारा नेफ्यांत परत घाला. कड्या मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे लावत जा, पुढची एक, मागची एक. आधी डावं टोक संपवलं तर पट्ट्या तिरप्या होणार हे नक्की. कड्या नसतील तर काही जण बाइंडिंग वायरनं बांधतात. ते चालतं, पण तार गंजते आणि कापड चिरते.

पहिल्या दिवशी चार सुरकुत्या दिसल्या तर घाबरू नका. पंधरा दिवस बसून, ऊन खाऊन त्या जातात. शिवणीपासून निघणारी तिरपी ओढ मात्र जात नाही. ती दिसली तर त्याच दिवशी त्या भागातल्या कड्या सोडून पुन्हा लावायला सांगा. चमकवायचे सिलिकॉनचे फवारे सीटवर मारू नका, ओल्या फडक्यानं पुसणं पुरतं.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांखाली 'व्हीए' क्रमांक मालिकेत नोंदवायची असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको ही अट आहे. सीटचं नाव त्यात नाही. पण ती सोय खासगी वापराच्या वाहनांसाठी आहे, त्यामुळे मालवाहू म्हणून नोंद असलेल्या पिकअपचे कागद घेऊन पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून या. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, तेव्हा शिलाईचा हिशेब करतानाच ते बाजूला काढून ठेवलेलं बरं.